घावन जाळीदार कसे होते?



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, की प्रत्येकाने आपल्याला येणारी एक गोष्ट लिहायची, आणि ती अशी लिहायची की वाचून दुसऱ्याला करता आली पाहिजे. कोणी हिरांची झाडू बांधणे घेतले, कोणी पतंग घेतला. मी घावन घेतले. काही मुले हसली. म्हणाली, घावन काय मुलग्यांनी करायचे? पण डब्यातले घावन खाताना त्यांतले कोणीच हसत नाही, म्हणून मी लिहीत आहे.

आपल्या सिंधुदुर्गात घावन माहीत नाही असे घर नसेल. रत्नागिरीतही करतात. त्यात नवल नाही, कारण १ मे १९८१ पर्यंत आपला जिल्हा रत्नागिरीतच होता. घावनात तीनच वस्तू असतात : तांदूळ, पाणी आणि मीठ. भाकरीसारखे मळायचे नाही, आंबोळीसारखे आंबवायचे नाही. म्हणून घावन सोपे आहे असे सगळे म्हणतात. पण वस्तू तीनच असल्या म्हणजे प्रत्येक वस्तू बरोबर लागते. एक चुकली तर दुसरी सांभाळून घेत नाही.

आमच्या घरी घावने आजी करायची. तिच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे आणि दुसऱ्याचे अजून व्हायचे आहे. डॉक्टरांनी तिला धुराजवळ बसायला मनाई केली आहे. शिवाय त्या दुसऱ्या डोळ्याने तिला तवा आणि घावन एकच दिसते. आई सकाळी सातच्या गाडीने काजूच्या कारखान्यात जाते. तेव्हा न्याहारीची घावने मी करतो. काका जवळ असतात, ते चूल पेटवून देतात. आजी माजघराच्या दारात पाटावर बसते आणि तिथून सांगते. ती बघून सांगत नाही, ऐकून सांगते. ते कसे, ते पुढे येईल.

आता माप. आजीला लिहिता येत नाही आणि तिचे माप हाताचे आहे. पाच माणसांना तीन ओंजळी तांदूळ, असे ती म्हणते. पण तिची ओंजळ आणि माझी ओंजळ सारखी कशी असेल? म्हणून एके दिवशी मी तिला तीन ओंजळी तांदूळ सुपात घालायला सांगितले आणि ते आमटीच्या वाटीने मोजले. बरोबर ४ वाट्या भरले. माझ्या ओंजळीने तेच तांदूळ मोजले तर पाच ओंजळी होऊन थोडे उरले. तेव्हा ४ वाट्या हे माप पक्के धरा. त्यांची आमच्या तव्यावर २२ ते २४ घावने होतात. तवा मोठा असेल तर कमी होतील, पण तेवढीच माणसे जेवतील.

तांदूळ जुना घ्यावा. नव्या तांदळाचा भात जसा चिकट होतो, तसेच घावनही चिकट होते आणि तव्यावरून सुटत नाही. जाडा तांदूळ चालतो, वासाचा महाग तांदूळ घावनाला लागत नाही. रात्री तांदूळ दोनदा धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालायचे. सकाळी पाणी काढून बारीक वाटायचे. आजी पूर्वी रगड्यावर वाटायची. आता मिक्सर आहे, पण लाईट गेली की पाटा काढावा लागतो आणि मग त्या दिवशी शाळेची घंटा आणि आमची न्याहारी यांची शर्यत लागते. वाटताना पाणी थोडे थोडे घालावे. एकदम घातले तर तांदूळ पाण्यात पळत राहतात आणि पात्याखाली येत नाहीत. वाटलेले पीठ दोन बोटांत चोळून बघायचे. रव्यासारखे टोचले तर अजून वाटायचे.

मग त्यात पाणी घालून पातळ करायचे. वाटताना घातलेले धरून ४ वाट्या तांदळाला साधारण ८ वाट्या पाणी लागते. तांदळाप्रमाणे थोडे कमी-जास्त होते. पीठ ताकासारखे पाहिजे. दाट ताक नव्हे हं, पाणी घालून केलेले ताक. डवली (म्हणजे करवंटीचा डाव) पिठात बुडवून उचलली, की धार न तुटता पडली पाहिजे. चवीपुरते मीठ घालायचे. ज्यांना भिजवायला वेळ नाही त्यांनी तांदळाचे पीठ घेतले तरी चालते, एक वाटी पिठाला दोन वाट्या पाणी. पण मला विचाराल तर वाटलेल्या तांदळाचे घावन जास्त मऊ होते.

आता एक गोष्ट पुष्कळ लोक विसरतात. घावनाचे पीठ दर वेळी तळापासून ढवळून मगच घ्यायचे. आम्ही वर्गात एक प्रयोग केला होता. काचेच्या एका ग्लासात पाण्यात साखर घातली आणि दुसऱ्यात तांदळाचे पीठ घातले. दोन्ही ढवळले. साखर दिसेनाशी झाली, पण पीठ दहा मिनिटांत तळाला बसू लागले आणि वर पाणी दिसू लागले. साखर पाण्यात विरघळते, तांदळाचे पीठ विरघळत नाही, नुसते तरंगते आणि मग खाली बसते. न ढवळता डवली भरली तर पहिली घावने पाण्याची होतात आणि शेवटची भाकरीसारखी जाड. आजी दारातून ओरडते, "पीठ ढवळ रे, खाली बसला!" तिला दिसत नाही, पण डवलीचा टोपाला लागलेला आवाज आला नाही, की तिला कळते.

तवा बिडाचा असावा. बिडाचा तवा जाड आणि जड असतो. तो तापायला वेळ घेतो, पण तापला की उष्णता धरून ठेवतो. गार पीठ ओतले तरी तो लगेच थंड पडत नाही. पत्र्याचा पातळ तवा पटकन तापतो आणि पीठ पडताच पटकन गारही होतो. बिडाच्या तव्याला रोज तेलाचा हात लागून लागून काळा, गुळगुळीत थर बसतो. तेल तापून तव्याला घट्ट बसते, तोच हा थर. त्यामुळे घावन चिकटत नाही. म्हणून हा तवा राख किंवा काथ्या लावून खसाखसा घासायचा नाही. ओल्या फडक्याने पुसायचा, कोरडा करायचा, आणि तेल लावून ठेवायचा. ओला ठेवला तर गंजतो. आणि तापलेल्या तव्यावर तांब्याभर गार पाणी कधी ओतू नये. बीड तडकते.

तव्याला तेल लावायला आम्ही अर्धा कांदा घेतो. सुरीच्या टोकाला किंवा काटीला टोचून तेलात बुडवायचा आणि तव्यावर गोल फिरवायचा. वांग्याचे देठही चालते. कांद्याने तेल सगळीकडे सारखे लागते आणि थोडेच लागते. तेलाचे तळे झाले तर पीठ त्यावरून घसरते आणि घावन तव्याला धरतच नाही.

तवा तापला की नाही हे कसे ओळखायचे? पाण्याचे दोन थेंब शिंपडायचे. थेंब नुसते बसून राहिले आणि हळूहळू वाफ झाली, तर तवा कच्चा आहे. थेंब चर्र करून लगेच उडाले तर तवा तयार आहे. आणि थेंबांच्या गोळ्या होऊन त्या तव्यावर काचेच्या गोट्यांसारख्या पळायला लागल्या, तर तवा फार तापला, जाळ कमी करावा. या पळणाऱ्या गोळ्यांचे मला फार नवल वाटायचे. जास्त तापलेल्या तव्यावर पाणी जास्त लवकर उडायला पाहिजे, मग ते पळत कसे राहते? मी बाईंना विचारले. बाईंनी सांगितले, की तवा खूप तापला की थेंबाच्या खालच्या बाजूची एकदम वाफ होते आणि थेंब त्या वाफेच्या गादीवर अधांतरी राहतो. तव्याला तो टेकतच नाही, म्हणून उशिरा आटतो. लायडेनफ्रॉस्ट नावाच्या एका जर्मन डॉक्टरने १७५६ साली यावर लिहिले आहे. तो लोखंडाचा चमचा निखाऱ्यावर तापवून त्यात पाण्याचे थेंब टाकून बघायचा. म्हणजे आमची आजी रोज सकाळी करते तेच.

मात्र आजी थेंब बघत नाही. ती म्हणते, "तवो तापलो काय ता कानान बघ." कच्च्या तव्यावर थेंबाचा आवाज येत नाही. तयार तव्यावर छोटा चर्र येतो. फार तापलेल्या तव्यावर पुन्हा आवाज कमी होतो, कारण थेंब टेकत नाही. डोळे मिटून तुम्हीही करून बघा, कळते.

आता घावन घालायचे. पीठ ढवळून डवली भरायची आणि जरा उंचावरून ओतायचे. सुरुवात तव्याच्या कडेने करायची आणि गोल गोल फिरवत मध्यभागी यायचे. आंबोळीचे उलटे असते. आंबोळीचे पीठ मध्ये ओतून डवलीच्या पाठीने बाहेर पसरवतात. घावन पसरवायचे नाही. पीठ एवढे पातळ असते, की पडल्यापडल्या शिजते. त्याला डवली लावली की ते फाटते. मध्ये कुठे भोक राहिले तर तिथे थोडे पीठ टाकायचे, हात लावायचा नाही. पाहुणे आले म्हणून सुंदर गोल करायला जाऊ नये. वाकडे घावनही चवीला तेवढेच असते.

जाळी पडते ती याच वेळी. मी जवळून खूप वेळा पाहिले आहे (जवळून म्हणजे हातभर लांबून, तोंड तव्यावर नेऊ नये, वाफ भाजते). पीठ तव्यावर पडताच तळच्या पाण्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा घेते. एवढीशी जागा तिला कशी पुरणार? ती वर धावते आणि पातळ पिठातून भोके पाडून बाहेर पडते. त्याच वेळी तांदळाचे पीठ गरम पाणी पिऊन फुगते आणि घट्ट होते. पेज शिजताना जशी घट्ट होत जाते तसेच, पण इथे ते क्षणात होते. म्हणून वाफेने पाडलेली भोके बुजत नाहीत, तशीच राहतात. तीच जाळी.

हे कळले की जाळी का पडत नाही तेही कळते. तवा कच्चा असेल तर वाफ हळूहळू होते, तिला जोर नसतो, पीठ सपाट बसते आणि तव्याला चिकटते. पीठ दाट असेल तर वाफेला वर येता येत नाही. पाणी फार झाले असेल तर भोके पडतात, पण घट्ट व्हायला पीठच पुरेसे नसते, म्हणून घावन उचलताना तुटते. तांदळाच्या पिठात गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो. कणीक ओढली तर ताणते, तांदळाचे पीठ ताणत नाही. म्हणून काही घरी घावनात मूठभर कणीक घालतात. त्याने घावन तुटत नाही, पण ते थोडे चामट होते. आमच्याकडे घालत नाहीत.

पीठ ओतले की झाकण ठेवायचे. झाकणाखाली वाफ कोंडते आणि घावनाची वरची बाजू त्या वाफेवर शिजते. झाकण नसले तर खालची बाजू करपेपर्यंत वरची कच्ची राहते. एक-दीड मिनिटाने झाकण काढायचे. झाकणाचे पाणी घावनावर सांडू देऊ नये, आडवे करून बाजूला न्यावे. कडा तव्यापासून सुटल्या असतील तर कालथा कडेने फिरवून हळूच उचलायचे. कडा सुटल्या नसतील तर ओढाताण करू नये, अजून थोडे थांबावे. शिजलेले घावन आपण होऊन तवा सोडते.

आणि इथे आजीचे कान कामाला येतात. पीठ पडले की मोठा चर्र आवाज होतो. तो आवाज पाणी उकळून उडण्याचा असतो. जसजसे पाणी कमी होते, तसतसा आवाज बारीक होत जातो. बारीक होऊन थांबायला आला, की घावन झाले. आजी बाहेरून सांगते, "आवाज कमी झालो, आता उलट." मी झाकण काढून बघतो तर कडा सुटलेल्या असतात. अजून एकदाही तिचे चुकले नाही. त्यानंतरही तव्यावर ठेवले तर पाणी सगळे संपते आणि घावन पापडासारखे कडक होते. मऊ राहायला थोडे पाणी आत राहायलाच पाहिजे. उलटून दुसरी बाजू थोडीच ठेवायची. काही घरी उलटतच नाहीत, नुसती घडी घालतात.

पहिले घावन बहुतेक घरांत मोडते. तवा वरून तापलेला वाटतो, पण सगळीकडे सारखा तापलेला नसतो आणि तेलही अजून नीट बसलेले नसते. आमच्याकडे पहिले घावन धाकट्या भावाचे ठरलेले आहे. तो ते गूळ लावून उभ्या उभ्या खातो आणि मोडले नाही तर रुसतो.

जाळ कसा ठेवायचा हेही सांगतो. चुलीत सोडणे घातली की जाळ एकदम भडकतो आणि लगेच बसतो. त्यामुळे घावन एकीकडे करपते आणि एकीकडे पांढरे राहते. चुडते तर त्याहून वाईट. चुलीवर घावन करायचे तर जाड लाकूड लावावे आणि निखारे झाल्यावर सुरुवात करावी. गॅसवर सोपे जाते. पीठ ओतताना मोठा, झाकण ठेवल्यावर मध्यम. लहान मुलांनी घरात मोठे माणूस असल्याशिवाय चूल किंवा गॅस लावू नये. झाकण आणि तवा फडक्याने किंवा सांडशीने धरावा. ओल्या फडक्याने धरू नये, ओल्या फडक्यातून लगेच चटका बसतो.

झालेली घावने गरम असताना एकावर एक ठेवू नयेत. वाफ निघून ती एकमेकांना चिकटतात. आम्ही रोवळीत किंवा केळीच्या पानावर सुटी ठेवतो आणि निवली की घडी घालतो.

आंबोळीबद्दल थोडे. (आंबोळी म्हणजे सावंतवाडी तालुक्यातले आंबोली गाव नव्हे. तिथे पाऊस खूप पडतो, त्याचा या लेखाशी संबंध नाही.) आंबोळीला तीन वाट्या तांदळाला एक वाटी उडदाची डाळ आणि थोडे मेथीचे दाणे लागतात. भिजवून, वाटून, पीठ रात्रभर ठेवतात. सकाळी ते फुगून वर येते, म्हणून टोप अर्धाच भरावा. नाहीतर सकाळी पीठ फळीवर सापडते. पीठ फुगते ते डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक जिवाणूंमुळे. ते पिठातली साखर खातात आणि कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. त्याचे बुडबुडे पिठात अडकून राहतात. थंडीत जिवाणू हळू काम करतात, म्हणून तेव्हा टोप चुलीजवळ ठेवतात. म्हणजे बघा, आंबोळीलाही भोके आणि घावनालाही भोके, पण आंबोळीची रात्रभर तयार होत असतात आणि घावनाची तव्यावर एका क्षणात. हे मला लिहिता लिहिता बाईंना विचारून कळले आणि फार आवडले.

कर्नाटकात उडुपी-मंगळूरकडे घावनासारखाच नीर दोसा करतात. तिकडे नीर म्हणजे पाणी. नाव किती बरोबर ठेवले आहे!

घावन नारळाच्या चटणीबरोबर, काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याबरोबर किंवा नुसत्या चहाबरोबर खातात. नारळाच्या दुधात गूळ आणि वेलची घालून केलेल्या रसाबरोबर मला सर्वांत आवडते. गौरीला घावन-घाटल्याचा नैवेद्य असतो. बाबा मुंबईला असतात, ते चतुर्थीला येतात तेव्हा त्यांना ते मिळते. यंदा गौरीची घावने आई घालणार आहे, तवा मी तापवून देणार आहे आणि आजी दारात बसून ऐकणार आहे. आजीला विचारून मी घाटल्याचे मापही वाटीने मोजून ठेवणार आहे, कारण ते अजून ओंजळीतच आहे.

पालकांना एक विनंती. तुमच्या घरी पाण्याचे माप वेगळे असेल, किंवा घावनात दुसरे काही घालत असतील, तर भित्तिपत्रकाखालच्या खोक्यात चिठ्ठी टाका. माप वाटीने लिहा, ओंजळीने नको.

– इयत्ता चौथी